क्यूटेलिटेक्स्टमेकर: टेलिटेक्स्टचं पान डेस्कटॉपवर कसं बनवायचं

टेलिटेक्स्ट म्हणजे टीव्हीच्या सिग्नलसोबत येणारी आणि रिमोटने उघडायची मजकुराची पानं. बीबीसीची सीफॅक्स ही अशी सेवा १९७४ मध्ये सुरू झाली आणि २०१२ मध्ये बंद पडली. आपल्याकडे दिल्ली दूरदर्शनने १९८५ मध्ये इनटेक्स्ट आणलं होतं. नेदरलँड्स आणि स्वीडनसारख्या देशांत टेलिटेक्स्ट अजून रोज वाचलं जातं. जुनी पानं वाचवणारे, ठोकळ्यांची चित्रं काढणारे आणि घरच्या टीव्हीवर स्वतःची सेवा चालवणारे हौशी लोक यांना मात्र पानं तयार करायला चांगलं साधन लागतं. क्यूटेलिटेक्स्टमेकर हे त्यासाठीचं मोफत, मुक्त-स्रोत डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशन आहे. ते लिनक्सवर वाढलं असलं तरी विंडोजवरही चालतं. एक साधं पान पाहायचं किंवा दुरुस्त करायचं असेल तर ब्राउझरमधला एडिट-टीएफ पुरतो. सबपेज (एकाच क्रमांकावर आळीपाळीने येणारी पानं), रंगीत बटणांचे दुवे आणि वरच्या पातळ्यांची (प्रमाणातल्या १.५, २.५ अशा पुढच्या टप्प्यांची) सजावट हवी असेल तर डेस्कटॉपवर येणं सोयीचं.

अ‍ॅप्लिकेशन शिकायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो ओळीतल्या चाळीस घरांचा हिशेब अंगवळणी पडण्यात, म्हणून आधी तोच पाहू.

चाळीस घरं आणि अदृश्य कोड

पान म्हणजे ० ते २४ अशा पंचवीस ओळी आणि प्रत्येक ओळीत ० ते ३९ अशी चाळीस घरं. ओळ ० शीर्षकाची असते. तिची पहिली आठ घरं पान क्रमांकासाठी टीव्ही स्वतःकडे ठेवतो आणि उरलेली बत्तीस बहुधा प्रसारणाचं सॉफ्टवेअर भरतं. तिथे काही लिहू नका, ते दिसणार नाही. ओळ २४ रंगीत बटणांच्या नावांसाठी राखीव समजा. तुमच्या हातात राहतात ओळ १ ते २३.

रंग, लुकलुक, दुप्पट उंची, पार्श्वरंग हे सगळं ० ते ३१ या कोडांनी ठरतं आणि प्रत्येक कोड एक घर खातो. ते घर पडद्यावर रिकामं दिसतं. वर्ड प्रोसेसरमध्ये शब्द निवडून रंग दिला की काम झालं. इथे रंग बदलायचा तर दोन शब्दांमध्ये जागा असावी लागते. म्हणून मजकूर लिहून मग रंगवायला गेलात की पहिलं अक्षर खाल्लं जातं. आधी कोड टाका, मग लिहा.

ओळ संपली की सगळं पुसलं जातं. पुढची ओळ पुन्हा पांढरी अक्षरं, काळी पार्श्वभूमी, साधी उंची अशीच सुरू होते. दहा ओळी पिवळ्या हव्या असतील तर पिवळ्याचा कोड दहा वेळा टाकावा लागतो.

आणखी एक बारकावा आहे, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. काही कोड स्वतःच्या घरापासून लागू होतात, काही पुढच्या घरापासून. अक्षरांचे आणि ठोकळ्यांचे रंग, लुकलुक, दुप्पट उंची, चौकट आणि 'सोडा' (कोड ३१) पुढच्या घरापासून. नवी पार्श्वभूमी (२९), काळी पार्श्वभूमी (२८), साधी उंची (१२), स्थिर (९), लपवा (२४), सलग ठोकळे (२५), सुटे ठोकळे (२६) आणि 'धरा' (३०) स्वतःच्याच घरापासून. निळ्या पट्टीवर पिवळं लिहायचं तर क्रम असा: निळं अक्षर (४), नवी पार्श्वभूमी (२९), पिवळं अक्षर (३), मग मजकूर. नवी पार्श्वभूमी त्या क्षणीचा अक्षररंगच उचलते. तिसरा कोड विसरलात तर निळ्यावर निळं लिहिलं जातं आणि मजकूर गायब झाल्यासारखा वाटतो.

या क्रमात निळी पट्टी घर १ पासून लागते, घर ० काळंच राहतं. जुन्या सेवांच्या पानांवर डाव्या कडेला काळी फट दिसते ती याचमुळे. पांढरी पट्टी मात्र घर ० पासून मिळते, कारण ओळ पांढऱ्या अक्षररंगानेच सुरू होते आणि २९ हा कोड पहिल्याच घरात टाकता येतो.

बसवणं आणि पहिली मांडणी

विंडोजसाठी प्रकल्पाच्या गिटहब पानावरून तयार झिप घ्या आणि ती पूर्ण उलगडूनच चालवा. झिपच्या आतून चालवलं तर क्यूटीच्या (अ‍ॅप ज्या लायब्ररीवर बांधलंय तिच्या) फाइली सापडत नाहीत आणि अ‍ॅप उघडत नाही. लिनक्सवर सोर्सपासून बांधावं लागलं तर सी++ कंपायलर आणि क्यूटीची विकास-पॅकेजेस लागतात. बांधणीची पद्धत आवृत्तीनुसार बदलली आहे, तेव्हा जुन्या लेखातल्या आज्ञा न उतरवता त्या सोर्ससोबतचीच रीडमी पाहा.

उघडल्यावर व्ह्यू मेन्यूत जाळी आणि कंट्रोल कोड दाखवण्याचे दोन्ही पर्याय चालू करा. कोड दिसत नसताना दुरुस्ती करणं म्हणजे अंधारात चाचपडणं. पानाचं गुणोत्तर ४:३ ठेवा. रुंद पडद्याच्या गुणोत्तरात काढलेलं वर्तुळ जुन्या टीव्हीवर उभं अंडं होतं. टूल्स मेन्यूतून पान-पर्यायांची खिडकी उघडून कडेला डकवा. पान क्रमांक, वर्णन, फास्टटेक्स्टचे (रंगीत बटणांचे) दुवे, कंट्रोल बिट आणि भाषेचा संच, सगळं तिथेच असतं.

एक पान अथपासून इतिपर्यंत

उदाहरण म्हणून ब्रिटनच्या हवामानाचं पान घेऊ, क्रमांक ४०१. त्यात मथळा, नकाशा, तक्ता आणि बटणं, सगळेच प्रकार येतात.

मथळा ओळ २ मध्ये, दुप्पट उंचीचा. घर ० मध्ये निळं अक्षर, १ मध्ये नवी पार्श्वभूमी, २ मध्ये पिवळं अक्षर, ३ मध्ये दुप्पट उंची (१३). हे सगळे कोड इन्सर्ट मेन्यूत गटवारीने मिळतात आणि कर्सर ज्या घरावर आहे तिथे बसतात. निळी पट्टी १ ते ३९, म्हणजे एकोणचाळीस घरांची. सात रोमन अक्षरांचा 'वेदर' हा शब्द मधोमध यायला घर १७ पासून लिहा. ओळ ३ पूर्ण रिकामी सोडा. दुप्पट उंचीच्या ओळीखालची ओळ टीव्ही दाखवतच नाही, तिथे लिहिलेलं वाया जातं. याच कारणाने ओळ २३ वर दुप्पट उंची टाकू नका. बटणांची ओळ झाकली जाईल.

तक्ता ओळी ८, १०, १२ आणि १४ वर. प्रत्येकीत घर ० मध्ये पिवळा कोड, १ ते १२ मध्ये शहराचं नाव, १३ मध्ये आकाशी कोड (६), १४ आणि १५ मध्ये तापमान, १६ रिकामं, १७ मध्ये रोमन 'सी'. एडिनबरोची रोमन अक्षरं नऊ, तीही बारा घरांत सहज मावतात. घर १६ रिकामं ठेवलंय ते अंशाच्या चिन्हासाठी. पहिल्या पातळीच्या इंग्रजी संचात ते चिन्हच नाही, ते नंतर वरच्या पातळीतून येईल.

नकाशा उजवीकडे, ओळ ६ ते २०. समुद्र निळा आणि जमीन हिरवी हवी, तर घर १८ मध्ये निळा ठोकळा-रंग (२०), १९ मध्ये नवी पार्श्वभूमी, २० मध्ये हिरवा ठोकळा-रंग (१८). उरतात घरं २१ ते ३९, एकूण एकोणीस. प्रत्येक घरात दोन आडवे आणि तीन उभे असे सहा खण असतात. म्हणजे चित्रासाठी ३८ बाय ४५ खणांची जागा मिळाली. हे तीन कोड पंधराही ओळींत लागतात. ओळ ६ मध्ये टाका, ते तीन घरांचे कोड कॉपी करा आणि खालच्या ओळींत चिकटवत जा.

खण काढायला कर्सर ठोकळ्यांच्या भागात नेऊन अंकपॅड वापरा: ७ आणि ८ वरचे दोन खण, ४ आणि ५ मधले, १ आणि २ खालचे. बटण दाबलं की खण उमटतो, पुन्हा दाबलं की पुसला जातो. अंकपॅड नसलेल्या लॅपटॉपवर नकाशा काढण्यापुरतं एडिट-टीएफ सोपं पडतं. तिथे क्यू-डब्ल्यू, ए-एस आणि झेड-एक्स या जोड्या तेच काम करतात. क्यूटेलिटेक्स्टमेकरच्या एक्सपोर्टमधून पान थेट एडिट-टीएफमध्ये उघडता येतं, कारण तिथे अख्खं पान वेब पत्त्याच्या शेपटीतच साठवलेलं असतं. मात्र एक्स/२६ ची, म्हणजे वरच्या पातळ्यांच्या पॅकेटांतली, सजावट त्या प्रवासात गळते. ती टिकवायची असेल तर ब्राउझरमधल्याच झेडएक्सनेट संपादकाची निवड करा.

सहा खणांची उंची सारखी नसते. घराच्या दहा रेषांपैकी वरच्या खणाला तीन, मधल्याला चार, खालच्याला तीन रेषा मिळतात. तिरक्या किनारपट्टीत पायऱ्या थोड्या असमान दिसतात त्या यामुळे. काढण्यात चूक नसते.

नकाशावर लंडनची खूण करायची तर वेगळा कोड लागत नाही. ठोकळ्यांच्या भागात मोठी रोमन अक्षरं अक्षर म्हणूनच दिसतात, चालू रंगात. हव्या त्या घरात मोठा 'एल' टंका, झालं. उलट, मजकूर लिहिताना मोठी अक्षरं नीट आणि लहान अक्षरांच्या जागी ठोकळे दिसले तर समजा, त्या ओळीत अक्षररंगाचा कोड राहून गेलाय आणि मागचा ठोकळा-रंग अजून चालू आहे.

दोन रंगांचे ठोकळे एकमेकांना चिकटून हवे असतील तर मधल्या कोडच्या घराची फट बुजवावी लागते. त्यासाठी 'धरा' कोड आहे. घर ० मध्ये लाल ठोकळा-रंग (१७), १ मध्ये धरा (३०), २ ते ९ मध्ये पूर्ण भरलेले ठोकळे, १० मध्ये हिरवा ठोकळा-रंग, ११ पासून पुन्हा भरलेले ठोकळे. धरा चालू असल्याने घर १० रिकामं न राहता शेवटचा ठोकळाच पुन्हा दाखवतं, तोही लाल रंगात, कारण हिरवा पुढच्या घरापासून लागणार. परिणामी लाल २ ते १० आणि हिरवा ११ पासून, मध्ये फट नाही. शेवटचा ठोकळा अर्धवट असेल तर तोच अर्धवट आकार कोडच्या घरात येतो; हव्या त्या आकाराने रंगाचा भाग संपवणं हे इथलं खरं कसब. ओळीच्या सुरुवातीला धरायला काहीच नसतं, त्यामुळे डाव्या कडेची फट या युक्तीने जात नाही.

बटणांच्या ओळीचा हिशेब सुटसुटीत आहे. चार नावं, प्रत्येकी एक कोड आणि नऊ अक्षरं, एकूण चाळीस घरं. रंग लाल, हिरवा, पिवळा, आकाशी. रिमोटवरचं चौथं बटण निळं असलं तरी नाव आकाशीत लिहितात, कारण काळ्यावर गडद निळं वाचवत नाही. ओळ २४ वर नाव लिहिल्याने दुवा तयार होत नाही. पान-पर्यायांत सहा दुव्यांच्या जागा असतात: पहिल्या चार रंगांच्या, शेवटची इंडेक्स बटणाची. दुवा नको तिथे ८एफएफ ठेवा.

अंशाचं चिन्ह आणि वरच्या पातळ्या

दाखवण्याची पातळी १.५ करा आणि एक्स/२६ ट्रिपलेटची खिडकी उघडा. ट्रिपलेट म्हणजे सजावटीची एकेक सूचना. पहिला ट्रिपलेट 'सक्रिय स्थान' प्रकारचा, ओळ ८. दुसरा 'जी२ अक्षर' (जादा चिन्हांच्या संचातलं अक्षर) प्रकारचा, स्तंभ १६, अक्षर °. मग पुन्हा सक्रिय स्थान ओळ १०, जी२ स्तंभ १६, असं १४ पर्यंत. शेवटी समाप्तीचा ट्रिपलेट. क्रम वरून खाली आणि डावीकडून उजवीकडेच ठेवा; मागे जाणारा ट्रिपलेट नियमात बसत नाही. आता पातळी पुन्हा १ करून पाहा. तापमान आणि 'सी' यांच्यामध्ये नुसती रिकामी जागा दिसेल, आणि तेच हवं आहे. साध्या टीव्हीवरही पान खटकता कामा नये, ही तपासणी प्रत्येक पानाला करा.

पातळी २.५ वर पार्श्वरंगाचा ट्रिपलेट घर ० वर टाकला की मथळ्याच्या डावीकडची काळी फट जाते. घर न खाता रंग बदलण्याची सोय इथूनच सुरू होते. रंगपटात ३२ रंग, ४०९६ छटांमधून निवडलेले. या पातळीवर आठ-आठच्या चार गटांपैकी शेवटचे दोनच बदलता येतात, तेव्हा पहिल्या आठांच्या छटा बदलण्याच्या भानगडीत पडू नका. एका पानाला जास्तीत जास्त २०८ ट्रिपलेट मिळतात. पुष्कळ वाटतात, पण प्रत्येक ओळीची कड, प्रत्येक उच्चारचिन्ह आणि प्रत्येक छटा यांत भराभर संपतात.

मराठी लिहिता येईल का? प्रमाणातल्या अक्षरसंचांत लॅटिन, सिरिलिक, ग्रीक, अरबी, हिब्रू आहेत, देवनागरी नाही. पातळी २.५ वर स्वतःचे आकार पाठवण्याची सोय असते, बारा बाय दहा बिंदूंचे, एका तक्त्यात ४८. दहा बिंदूंच्या उंचीत वेलांटी, अक्षर आणि उकार तिन्ही कोंबायचे म्हणजे वाचणाऱ्याची परीक्षाच. बातमीचा मजकूर म्हणून ते जमत नाही. मथळा मात्र ठोकळ्यांत छान उठतो. 'हवामान' हा शब्द घ्या: वर मात्रा नाही, खाली उकार नाही. तीन ओळींत नऊ खणांची उंची मिळते, रुंदी साधारण तीस खण, म्हणजे पंधरा घरांत शब्द बसतो. शिरोरेषा घराच्या मधल्या खणांत काढा, ती चार रेषांची भरीव दिसते. वरच्या खणांत काढलीत तर तीन रेषांची बारीक येते. सुट्या ठोकळ्यांचा कोड मात्र देवनागरीला वर्ज्य, शिरोरेषेचे तुकडे पडतात.

साठवण

काम टीटीआय स्वरूपात ठेवा. ती ओळीवार फाइल असते: पीएन मध्ये पान आणि सबपेज (मॅगझिनचा, म्हणजे शंभराच्या गटाचा, एक आकडा, पानाचे दोन, सबपेजचे दोन), पीएस मध्ये स्थितीचे बिट, सीटी मध्ये सबपेज किती वेळाने पालटायचं, ओएल मध्ये एकेक ओळ, एफएल मध्ये दुवे. वाचता येते म्हणून ती साध्या मजकूर-संपादकात उघडून यूटीएफ-८ मध्ये साठवण्याचा मोह होतो. ते करू नका. कंट्रोल कोड कधी १२८ च्या वरच्या बाइटने लिहिलेले असतात आणि त्यांचं यूटीएफ-८ मध्ये रूपांतर झालं की पानाचे रंग उडतात, ओळी सरकतात. गिटमध्ये ठेवत असाल तर या फाइलींवरचं ओळ-शेवटांचं आपोआप रूपांतर बंद करा.

टी४२ हे प्रसारणाच्या पॅकेटचं स्वरूप. प्रत्येक पॅकेट ४२ बाइटचं: दोन पत्त्याचे, चाळीस मजकुराचे. फाइलचा आकार ४२ ने निःशेष भागला जात नसेल तर ती तुटलेली आहे. बीबीसी मायक्रो या जुन्या संगणकाच्या मोड ७ ची (टेलिटेक्स्ट पडद्याची) कच्ची फाइल १००० बाइटची असते, तिच्यात पत्ते नसतात. ती टी४२ समजून उघडली तर कचराच दिसणार.

सबपेज वापरत असाल तर पान-पर्यायांतला सी४, म्हणजे पान पुसण्याचा बिट, चालू ठेवा. रिकाम्या ओळी बहुधा पाठवल्याच जात नाहीत. दुसऱ्या सबपेजमध्ये ओळ १५ रिकामी असेल आणि सी४ बंद असेल, तर पहिल्या सबपेजची ओळ १५ तशीच पडद्यावर राहते.

टीव्हीवर

सर्वांत स्वस्त रस्ता म्हणजे कंपोझिट व्हिडिओ देणारा रास्पबेरी पाय आणि टेक्स्टचं बटण असलेला पाल पद्धतीचा टीव्ही. व्हीबिट२ हे सॉफ्टवेअर फोल्डरमधल्या टीटीआय फाइली वाचून पॅकेट बनवतं आणि रास्पी-टेलिटेक्स्ट ते चित्राच्या वरच्या, न दिसणाऱ्या रेषांत घालतं. पायच्या मांडणीच्या फाइलमध्ये टीव्ही मोड २, म्हणजे पाल, ठेवा. प्रत्येक फील्डला (चित्राच्या अर्ध्या फेरीला) १६ रेषा आणि सेकंदाला ५० फील्ड धरले तर ८०० पॅकेट होतात. भरगच्च पानाला पंचवीस लागतात, म्हणजे सेकंदाला साधारण ३२ पानं. शंभर पानांच्या सेवेत वाट पाहणं जास्तीत जास्त तीन-साडेतीन सेकंदांचं.

बिघडतं ते बहुधा केबलपासून. पायच्या साडेतीन मिलिमीटर जॅकमध्ये टोकाला डावा आवाज, मग उजवा, मग ग्राउंड आणि बुडाशी व्हिडिओ असतो. कॅमकॉर्डरच्या बऱ्याच केबलींत शेवटचे दोन उलटे असतात. चित्र मुळीच येत नसेल तर आधी ते मल्टिमीटरने तपासा.

पडद्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके नाचत असतील पण टेक्स्ट येत नसेल, तर पॅकेट दिसणाऱ्या रेषांत पडताहेत. रास्पी-टेलिटेक्स्टसोबतचं टीव्ही-कंट्रोल साधन आधी चालू करायचं राहिलंय.

शीर्षक फिरतंय पण ४०१ सापडत नाही? फाइल योग्य फोल्डरमध्ये आहे का आणि पीएस मधला पाठवण्याचा बिट (सोळा-आधारित ८०००) आहे का ते पाहा. पान क्रमांकात चुकून ए ते एफ यांपैकी अक्षर शिरलं असेल तर रिमोटच्या आकड्यांनी ते पान उघडणारच नाही. अशी पानं सेवेच्या आतल्या कामांसाठी असतात.

पान येतं पण मधली मधली अक्षरं गळतात आणि काही सेकंदांनी पुढच्या फेरीत भरून निघतात, तर फाइल निर्दोष आहे, सिग्नल कमजोर आहे. पॅरिटी (तपासणीचा बिट) चुकलेलं अक्षर टीव्ही टाकून देतो आणि पुढच्या वेळी नीट आलं तर दाखवतो. लांब किंवा स्वस्त केबल बदला. तेच अक्षर दर फेरीत त्याच घरात चुकीचं येत असेल तर मात्र दोष पानात आहे. एडिटरमध्ये कोड दाखवा चालू करून ती ओळ घर ० पासून वाचत या.